चक्राचे आरे कोण मोजणार?

एप्रिल महिना लागला की नांदेडमधील फ्लेक्सच्या दुकानांना रात्र राहत नाही. ११ तारखेला महात्मा फुले यांची जयंती, १४ तारखेला महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. प्रत्येक वस्तीचे, प्रत्येक मंडळाचे बॅनर त्या दोन आठवड्यांत छपाईला रांगेत असते. दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीचे बॅनर नेण्यासाठी आम्हीही रात्री अकरा वाजता अशाच एका दुकानात जाऊन बसलो होतो. संगणकावर बसलेला मुलगा आमच्याच समाजाचा. दिवसा बी.ए.चे वर्ग, रात्री ऑपरेटर. पडद्यावर निळी पार्श्वभूमी, डावीकडे तथागत, उजवीकडे बाबासाहेब, मधोमध चक्र आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे.

वकिलीच्या धंद्यात कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड लागते. वेळ जात नव्हता म्हणून आम्ही चक्राचे आरे मोजले. बावीस भरले. पुन्हा मोजले, तरी बावीसच.

"बाळा, आरे चोवीस पाहिजेत ना?" आम्ही विचारले.

"साहेब, फाईल रेडीमेड आहे. दोन-तीन वर्षांपासून हीच चालू आहे. कोणी मोजत नाही."

कोणी मोजत नाही! त्या मुलाचा दोष नव्हता. एक आरा काढून तो फिरवत फिरवत चोवीस प्रती करण्याची सोय त्याच्या कोरलमध्ये होती आणि ती त्याला येतही होती. पण बाहेर सतरा मंडळांची माणसे खोळंबली होती. तयार चित्र उचलायचे, डकवायचे, नावे बदलायची आणि पुढचे काम घ्यायचे, एवढाच त्याचा रोजगार. ते चक्र कोणी काढले, त्यात चूक कोणी केली, हे त्याला माहीत असण्याचे कारणच नव्हते. राष्ट्रध्वजावर २२ जुलै १९४७ रोजी जे चक्र आले, जे आपल्या निळ्या झेंड्यावर फडकते, त्याचे दोन आरे कोणीतरी कुठेतरी गाळले आणि आपण ते वर्षानुवर्षे चौकाचौकात लावत राहिलो. त्या रात्रीपासून एक प्रश्न आमच्या डोक्यातून जात नाही. संगणक आपल्या घरात आला, पण तो आपल्या हातात आला काय?

आम्ही ऑपरेटरच राहणार काय?

आपल्या समाजात संगणक कसा आला ते आठवून पाहा. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एमकेसीएल स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यात पोहोचले. नोकरीसाठी प्रमाणपत्र लागते म्हणून किनवटपासून निलंग्यापर्यंतच्या आपल्या मुलामुलींनी पोटाला चिमटा काढून ते वर्ग केले. त्या वर्गांनी संगणकाची भीती घालवली, हे उपकार मान्यच केले पाहिजेत. पण आपण शिकलो काय? पत्र टाइप करणे, तक्ता भरणे, स्लाइड बनवणे. म्हणजे दुसऱ्याने बनवलेले साधन चालवणे. पुढे आपली मुले डेटा एंट्रीला गेली, सेतू केंद्रात बसली, फ्लेक्सच्या दुकानात उजेडापर्यंत जागली. साधन बनवणाऱ्यांच्या यादीत आपण नगण्यच राहिलो.

जातीने केवळ कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेच वरखाली लावली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले. नियम लिहायचा एकाने आणि राबायचे दुसऱ्याने, ही त्या उतरंडीची जुनी रीत. संगणकाच्या जगात ती नव्या कपड्यात उभी आहे. एक वर्ग प्रोग्रॅम लिहितो, दुसरा बटण दाबतो. बटण दाबणाऱ्याला वाटते की आपण आधुनिक झालो!

अजिंठ्याला गेल्यावर हेच जाणवते. लेणी कोणी कोरवून घेतली, दान कोणी दिले, त्या मंत्र्यांची आणि भिक्खूंची नावे शिलालेखांत आहेत. ज्यांच्या हातांनी ती चित्रे काढली, त्यांची नावे मात्र आपल्यापर्यंत आली नाहीत. आपल्या फ्लेक्सवरही चाळीस शुभेच्छुकांची नावे असतात, काढणाऱ्याचे नाव नसते. दीड हजार वर्षांत एवढाच फरक पडला काय, असे विचारावेसे वाटते.

पंधरा अंशांचा धडा

आमचे शिक्षण कायद्याचे. संगणकाशी संबंध टायपिंग आणि निकालपत्रे शोधण्यापुरता. तरीही पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर आम्ही प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा गिरवला. शिक्षक होता आमच्याच वस्तीतला, अभियांत्रिकीला शिकणारा एक मुलगा. तो म्हणाला, "वकीलसाहेब, गणिताचा सोस नको. चक्र काढू."

त्याने पडद्यावर एक कासव दाखवले. कासवाला हुकूम द्यायचा आणि ते चालेल तिथे रेघ उमटेल. वर्तुळाचे अंश ३६०. आरे २४. भागाकार १५. हुकूम एवढाच: चोवीस वेळा पुन्हा कर, शंभर पावले पुढे जा, शंभर पावले मागे ये, पंधरा अंश उजवीकडे वळ. एका ओळीत चोवीस आरे! नुसते वर्तुळ हवे तर ३६० वेळा एक पाऊल टाकून एक अंश वळायचे. अष्टांगिक मार्गाचे आठ आरे हवे असतील तर चोवीसच्या जागी आठ आणि पंधराच्या जागी पंचेचाळीस लिहायचे. आता आरा गळण्याची भीती नाही, कारण चक्र नक्कल केलेले नाही. त्याचा नियम आपण लिहिलेला आहे.

प्रोग्रॅम म्हणजे याहून वेगळे काही नसते. कायद्याच्या माणसाला तर तो फार ओळखीचा वाटतो. आमच्या कलमांत तरी काय असते? 'जर अमुक घडले असेल तर तमुक होईल', आणि खाली परंतुक. परंतुकातला एक शब्द हलला की माणूस सुटतो किंवा अडकतो. संगणकही लिहिलेलेच वाचतो, मनातले वाचत नाही. म्हणून नियम कोणी लिहिला, हा प्रश्न कोर्टात जितका महत्त्वाचा तितकाच तिथे.

हे कासव आले कुठून? १९६७ साली अमेरिकेत वॉली फोरझाइग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली. कासव तिच्यातूनच पुढे आले. यातले पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, १९२८ चा जन्म. तरुणपणी ते वर्णभेदाच्या विरोधात उभे राहिलेले. मुलाने यंत्राच्या तालावर नाचू नये, यंत्राला मुलाने शिकवावे, हा त्यांच्या शिक्षणविचाराचा गाभा. वर्णभेद पाहिलेल्या माणसाला हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुढे २००१ साली केसी रियास आणि बेन फ्राय यांनी खास चित्रकारांसाठी 'प्रोसेसिंग' तयार केले. २००७ साली लहान मुलांचे 'स्क्रॅच' आले. २०१३ साली लॉरेन मॅकार्थी यांनी 'पी-फाइव्ह जेएस'चे काम सुरू केले. ते इंटरनेटच्या साध्या ब्राउझरमध्ये, अगदी मोबाइलवरही चालते. ही सगळी साधने फुकट आहेत. ज्ञानावर कुलूप नाही, अशी वेळ आपल्या वाट्याला फार कमी वेळा आली आहे!

हे आपल्याला परके नाही

कोणी म्हणेल, हे अमेरिकेचे खूळ. तसे नाही. आपल्या आयाबहिणी ठिपक्यांची रांगोळी काढतात, तेव्हा त्या नियमच पाळत असतात. इतके ठिपके, इतक्या ओळी, अमुक ठिपक्याला वळसा, तमुक सोडायचा. दक्षिणेत या रांगोळीला कोलम म्हणतात. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली कोलमच्या आकृत्यांचे व्याकरण संगणकशास्त्राच्या भाषेत मांडले. ज्या बायांना अडाणी म्हणून हिणवले गेले, त्यांच्या चिमटीतल्या पांढऱ्या पिठात संगणकशास्त्राला विषय सापडला.

महाराष्ट्रातही हे काम झाले आहे. मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून १९६९ साली कलावंतांची एक कार्यशाळा उघडली आणि 'सिझिजी' नावाचा अॅनिमेशनपट केला. त्यातल्या शेकडो रेखाकृती हाताने काढलेल्या, पण ठरवलेल्या नियमांप्रमाणे बिंदू जोडत गेलेल्या. म्हणजे संगणक न वापरता केलेला प्रोग्रॅमच. पॅरिसमध्ये व्हेरा मोलनार या चित्रकर्तीनेही संगणक मिळेपर्यंत, म्हणजे १९६८ पर्यंत, कागदावर नियम लिहून ते हाताने पाळत चित्रे काढली. यंत्र नाही म्हणून त्या थांबल्या नाहीत. ज्यांच्या घरात अजून संगणक नाही त्यांनी हे ध्यानात ठेवावे. चौकटीची वही आणि पेन्सिल एवढ्यावर पहिले दोन महिने निघतात.

दुसरे नाव र. कृ. जोशी यांचे. सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईत शिकवलेले. विंडोज संगणकावर २००० सालापासून आलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांनी घडवला. २००८ साली ते गेले. फाँट म्हणजे नुसती अक्षरांची चित्रे नव्हेत, त्यात नियम बसवलेले असतात. 'शिका' हा शब्द टाइप करून पाहा. आधी 'श' दाबावा लागतो, वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र वेलांटी आधी उभी राहते. अक्षराची कला आणि प्रोग्रॅमचा नियम असे एकत्र आले, तेव्हा कुठे आपली मराठी संगणकावर नीट उभी राहिली. बाबासाहेबांच्या तीन आदेशांपैकी पहिला शब्दही याच कारागिरीमुळे पडद्यावर शुद्ध दिसतो!

लातूरच्या खोलीतले चक्र

आता लातूरकडे वळू. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोहोचते, तेव्हा स्टँडपासूनच क्लासचे फलक सुरू होतात. राजर्षी शाहू महाविद्यालयापासून नावारूपाला आलेल्या 'लातूर पॅटर्न'ने मराठवाड्याच्या पोरांनाही डॉक्टर-इंजिनिअर होता येते हे सिद्ध केले. आपल्या समाजातल्या कित्येक घरांत पहिला डॉक्टर त्यामुळे झाला. त्याची कुचेष्टा आम्ही करणार नाही. पण त्या गुणांच्या शर्यतीत चित्रकला म्हणजे काय? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा द्यायच्या, दहावीला वाढीव गुण घ्यायचे आणि रंगपेटी माळ्यावर टाकायची. संगणकशास्त्र म्हणजे काय? बारावीला दोनशे गुणांचा विषय. प्रोग्रॅम पाठ करायचा, परीक्षेत उतरवायचा, विसरायचा. दोन्ही विषय मुलांनी शिकले आणि दोन्ही हातात राहिले नाहीत.

आमची भाची औसा तालुक्यातल्या खेड्यातून येऊन लातूरला खोली करून राहते. नीटची तयारी. गेल्या पावसाळ्यात आम्ही तिला भेटायला गेलो, तेव्हा नुकताच शिकलेला चक्राचा धडा उत्साहाने दाखवला. ती हसली. "मामा, ही तर आईची बुद्धपौर्णिमेची रांगोळी." मग तिने तिच्या मोबाइलवर तो हुकूम स्वतः लिहिला. घाईत पंधराच्या जागी चौदा पडले. चोवीस आरे उमटले, पण ते एका बाजूला सरकले आणि शेवटचा आरा व पहिला आरा यांत अडतीस अंशांची फट राहिली. आम्ही म्हणालो, चुकले, दुरुस्त कर. ती म्हणाली, "राहू द्या मामा. हे दार आहे." त्या दारातून बाहेर पडणारी ठिपक्यांची एक ओळ तिने काढली, ठिपके दूर जाताना लहान होत जातील असा नियम लिहिला. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत पर्यायी उत्तरांचे गोल काळे करणाऱ्या मुलीने ठिपक्यांना बाहेर जायला वाट काढून दिली होती. आम्ही गप्प बसलो.

त्या दिवशी आम्हाला दोन गोष्टी कळल्या. एक, प्रोग्रॅम पाठ करणाऱ्याला चूक म्हणजे कापलेला गुण. चित्र काढणाऱ्याला चूक म्हणजे नवे काही दिसण्याची संधी. ज्याला चूक करायची भीती वाटत नाही तोच शिकतो. आणि आपल्या मुलांवर चूक न करण्याचे ओझे इतरांपेक्षा जास्त आहे, कारण त्यांची चूक एकट्याची धरली जात नाही, समाजाची धरली जाते. दुसरे, केलेल्या कामाचे फळ लगेच डोळ्यासमोर दिसते. व्याजाचा हिशोब करणारा प्रोग्रॅम लिहून कोणाही पोराचे डोळे चमकत नाहीत. चक्र फिरताना पाहून चमकतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगची भाषा आहे. ते कोडिंग आपल्या वस्तीतल्या शाळेत कोणत्या वाटेने येणार, पाठांतराच्या की चित्राच्या, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

पांढरा मुखवटा

हा केवळ छंदाचा विषय नाही, हे सांगण्यासाठी एका कृष्णवर्णीय तरुणीची हकीकत सांगतो. जॉय बुओलामविनी हे तिचे नाव, कुटुंब मूळचे घानाचे. अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये शिकत असताना तिने एक कलाकृती करायला घेतली. आरशात पाहिले की आपल्या चेहऱ्यावर आपल्याला स्फूर्ती देणारी दुसरी प्रतिमा उमटावी, असा आरसा. त्यासाठी चेहरा ओळखणारा तयार प्रोग्रॅम तिने घेतला. तो तिचा चेहरा ओळखेचना! तिने पांढरा मुखवटा घातला, आणि यंत्राला ताबडतोब चेहरा सापडला.

ती तिथे थांबली नाही. २०१८ साली तिने टिमनिट गेब्रू यांच्यासोबत तीन कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त ०.८ टक्के चूक, काळ्यासावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. या शोधाने मोठमोठ्या कंपन्यांना जाब द्यावा लागला. नीट लक्षात घ्या, याची सुरुवात मोर्चातून झाली नाही आणि कोर्टातूनही झाली नाही. एका मुलीने कलाकृतीसाठी प्रोग्रॅम लिहायला घेतला म्हणून तो अन्याय तिला दिसला. ती नुसती वापरणारी असती तर 'कॅमेरा खराब आहे' म्हणून सोडून दिले असते. जसे आम्ही 'फाईल रेडीमेड आहे' म्हणून सोडून देतो.

उद्या शिष्यवृत्तीचा अर्ज, कर्जाची पात्रता, नोकरीची चाळणी असे निर्णय यंत्राकडे गेले, तर त्यातला नियम वाचणारी माणसे आपल्याकडे नकोत काय? संविधानाचे चौदावे कलम कोर्टात मांडताना समोर अधिकारी असतो, त्याला उलटतपासणीत प्रश्न विचारता येतात. यंत्राची उलटतपासणी करायची तर त्याची भाषा यावी लागेल.

काही तरुण आम्हाला म्हणतात, आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की चित्र तयार, मग शिकायचे कशाला? आम्ही म्हणतो, म्हणूनच शिकायचे. ते यंत्र आजवर जगात साठलेल्या चित्रांवरून शिकते. ज्या जगाने आपल्याला चित्रात घेतलेच नाही, त्या जगाच्या साठ्यातून आपली वस्ती, आपली आजी, आपला विहार नीट कसा निघेल? आणि निघालेल्या चक्राला किती आरे आहेत, हे शेवटी माणसालाच मोजावे लागणार.

आजीचा आरा

आता आमच्या वस्तीची गोष्ट. गेल्या हिवाळ्यात विहाराच्या अभ्यासिकेत दर रविवारी दोन तास आम्ही हा वर्ग सुरू केला. आमच्या ऑफिसातला एक जुना लॅपटॉप, चार मोबाइल, चौकटीच्या वह्या. शिकवणारा तोच अभियांत्रिकीचा मुलगा. शिकणाऱ्यांत सातवीपासूनची मुले, दोन सुना आणि फ्लेक्सच्या दुकानातला तो ऑपरेटर.

मुलांना आम्ही ड्यू बॉईस यांच्याविषयी सांगितले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले होते. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ड्यू बॉईस यांनी अटलांटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून हाताने रंगवलेले सुमारे साठ तक्ते मांडले. गुलामीतून सुटलेल्या समाजाचे शिक्षण, जमीन, धंदे यांचे आकडे त्यांनी लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांत आणि वळशांत असे काढले की पाहणारा थबकावा. आकडेवारीचे चित्र झाले आणि चित्राची साक्ष झाली.

मुलांनी ठरवले, आपल्या गल्लीचे चक्र काढायचे. घरे चोवीस निवडली. प्रत्येक घराचा एक आरा. घरातली सगळ्यात वयस्क बाई जितके इयत्ता शिकली तितकी त्या आऱ्याची लांबी, एका इयत्तेला दहा पावले. मुले घरोघर फिरली, तक्ता केला, प्रोग्रॅम लिहिला. चक्र पडद्यावर आले तेव्हा वर्गात कोणी बोलेना. सात आरे उमटलेच नव्हते. शून्य गुणिले दहा, शून्य. बाकीचे कुठे बोटभर, कुठे अर्धवट. धावेपर्यंत पोहोचणारे दोनच.

छापून ते विहाराच्या भिंतीवर लावले. वंदनेनंतर एक सत्तरी ओलांडलेली आजी पुढे आली. "माझा कंचा रं?" मुलाने रिकामी जागा दाखवली. "आजी, तुमचा शून्य आहे. शाळेत गेला नाहीत ना तुम्ही."

आजी जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "शाळा मोजलीस. नामांतरात आठ दिवस जेलात होते, कडेवर लेकरू होतं, ते कोण मोजायचं?"

आम्ही वकील, पण त्या एका प्रश्नापुढे आमचा युक्तिवाद संपला. १९७८ पासून १९९४ पर्यंत चाललेल्या नामांतराच्या लढ्यात मराठवाड्यातल्या ज्या बायांनी लाठ्या खाल्ल्या, घरे जळताना पाहिली, तुरुंग भोगला, त्या आमच्या प्रोग्रॅममध्ये शून्य ठरल्या होत्या. यंत्राने अन्याय केला नव्हता. नियम आम्ही लिहिला होता. काय मोजायचे ते आम्ही ठरवले होते. बुओलामविनीचा चेहरा न दिसणारा प्रोग्रॅम ज्याने लिहिला, त्याच्या जागी आज आम्ही उभे होतो.

मुलांनी पुढच्या रविवारी तक्त्यात एक रकाना वाढवला, प्रोग्रॅममध्ये काही ओळी. आता शाळेची रेघ निळी, केंद्रातून बाहेर जाणारी. सत्याग्रह, तुरुंग, मोर्चा, श्रामणेर शिबिर, बचत गट यांत दिलेल्या दिवसांची रेघ लाल, धावेकडून आत येणारी. सात रिकाम्या जागांपैकी पाच जागी लाल रेघ आली. दोन जागा अजून रिकाम्याच आहेत. तिथे काय मोजायचे राहिले, हे शोधायला मुले पुन्हा त्या घरी जात आहेत.

कला म्हणजे चैन नव्हे

भाकरीचा प्रश्न सुटलेला नसताना चित्रे कसली काढता, असे आमचे काही कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ज्या महामानवाने संविधान लिहिले, त्यानेच उतारवयात व्हायोलिन आणि चित्रकला शिकायला घेतली, डोळे उघडे असलेला बुद्ध रेखाटला. कला ही मोठ्या घरची चैन असती तर त्यांनी तिच्यावर वेळ घालवला नसता. १९२० साली त्यांनी 'मूकनायक' काढले, पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. नुसते लेख लिहून ते थांबले नाहीत, समाजाचा स्वतःचा छापखाना असावा यासाठी झटले. दुसऱ्याच्या छापखान्यात आपला शब्द कधी अडेल याचा नेम नसतो, हे त्यांना ठाऊक होते. आजचा छापखाना म्हणजे प्रोग्रॅम.

इंग्रजीची भीतीही मोठी आहे. पण चित्र काढायला लागणारे हुकूम बोटांवर मोजण्याइतके. पायथन आणि जावास्क्रिप्ट या भाषांत आपण ठेवायची नावे देवनागरीत लिहिली तरी चालतात. 'आरे', 'धाव', 'लांबी' अशी नावे आमची मुले बिनधास्त लिहितात आणि यंत्र मुकाट्याने ऐकते. पायथनमध्ये कासव आयतेच असते.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेला जाणाऱ्या पैशातला एक भाग काढा आणि एक जुना का होईना संगणक विहाराच्या अभ्यासिकेत ठेवा. अभियांत्रिकीला शिकणाऱ्या आपल्या मुलाला आठवड्यातले दोन तास मागा. समाजाचे देणे म्हणून तो देईल. पहिल्या दिवशी भाषण नको. मुलांना एवढेच विचारा, चक्राला आरे किती, आणि ३६० ला चोवीसने भागले तर किती? तिथून वाट सुरू होते. आणि वर्गात मुली निम्म्या नसतील तर तो वर्ग आपला म्हणू नका.

यंदाच्या एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा त्याच दुकानात बसलो होतो. रात्र तीच, गर्दी तीच, शुभेच्छुकांचे चेहरे तेवढेच. पण मधले चक्र त्या मुलाने स्वतः लिहिलेल्या नियमातून काढले होते. आम्ही सवयीने मोजले. चोवीस भरले. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याने स्वतःचे नाव टाकले होते. आमच्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, काढू का नाव? मंडळवाले काही म्हणतील."

आम्ही म्हणालो, "राहू दे. म्हणाले तर आमच्याकडे पाठव."

जय भीम!